निरगुडीआडची राजकन्या

"अहो, ते पिऊ नका! त्यात माझी पोरं हायत!"

कंधारहून मुखेडला निघालेल्या एस.टी.त सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बाटलीचं झाकण उघडून तोंडाला लावायच्या बेतात असलेला तो तरुण जागीच थिजला. त्यानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी सहा पायांची, मातकट रंगाची बारकी पिल्लं वळवळत होती.

"बापरे," तो म्हणाला. "माझी बाटली समजून उचलली. किती पोरं म्हणायची ही?"

"अकरा."

"आणि ह्यांचा बाप?"

"चतुर होता. उडून गेला," सुकन्या म्हणाली आणि बाटली ओढून घेतली. मागच्या बाकावरची म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

फाट्यावर सुकन्या उतरली. तोही उतरला. ती मुरमाड वाटेनं चालू लागली, तर तोही मागं.

"माझ्या मागं का येऊन राहिलात?" ती थांबून म्हणाली.

"तुमच्या मागं न्हाई हो. निसर्गशाळेत निघालोय. गुंडप्पा सरांनी बोलावलंय. मी वैजनाथ, निलंग्याकडचा. माती तपासतो."

"माती तपासता आणि पाणी न बघता पिता?"

तो कानापर्यंत लाल झाला. पण शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत तिची बाटली त्याच्या हातात होती. ती त्यानं कधी मागितली आणि तिनं कधी दिली, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

ही दसऱ्यानंतरची गोष्ट.

निसर्गशाळा म्हणजे माळावरच्या चार खोल्या आणि बाकी सगळं उघडं रान. जिल्हा परिषदेच्या शाळांची पोरं तीन-तीन दिवस तिथं राहायला येत. गुंडप्पा सर विज्ञानाचे निवृत्त मास्तर, शाळा त्यांनीच उभी केलेली. सुकन्या देगलूरकडची. ती झाडं, किडे, पाखरं शिकवायची. वैजनाथ माती शिकवू लागला. स्वयंपाकाला गुरम्माक्का. तिच्या तोंडात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच वाक्यात नांदत.

वैजनाथचं अक्षर वाईट. म्हणून त्याच्या मातीच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुकन्या लिहायची. तो सांगायचा, ती लिहायची. 'नाल्याकाठची, काळी.' 'टेकडीवरची, तांबडी.' एकदा चिठ्ठी चिकटवताना दोघांची बोटं एकाच बाटलीवर आली. कुणी लवकर उचलली नाहीत... तेवढंच. बोलणं म्हणून काही झालं नव्हतं.

डिसेंबरात जवळच्याच वाडीची अठरा पोरं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी 'एकटी बैठक' होती.

एकटी बैठक म्हणजे नाल्याच्या काठानं एकेक पोर एकेकटं बसवायचं. दुसरं पोर दिसणार नाही इतकं दूर. अर्धा तास बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. या बैठकीचा एक नियम होता, आणि गुंडप्पा सर तो देवाच्या नेमासारखा पाळायला लावत. ज्यानं बसवलं, त्यानंच उठवायचं. दुसरं कुणी हाक मारली तरी पोरानं उठायचं नाही, ओ द्यायची नाही.

दुसरा नियम खदानीमुळं आला होता. नाल्यापलीकडं दगडाची खदान होती. तिथं रोज बाराला सुरुंग उडायचा. दगड कधी कधी नाल्यापर्यंत यायचे. म्हणून साडेअकराला सगळी पोरं शाळेत परत.

साडेदहाला सुकन्यानं वरच्या अंगाला नऊ पोरं बसवली, वैजनाथनं खालच्या अंगाला नऊ. मग तो तिच्याजवळ खडकावर येऊन बसला. जरा अंतर ठेवून.

"गुरम्माक्का म्हणत होती, रविवारी उदगीरचे पाहुणे येणार हायत."

"येऊन राहिलेत."

"मग?"

"मग काय... पोहे खातील, जातील."

"आणि पुन्हा येतो म्हणाले तर?"

सुकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हाला काय फिकीर पडली त्याची?"

तो पायाखालची माती चिमटीत घेऊन चोळत राहिला. "काही न्हाई."

त्या 'काही न्हाई'चा तिला इतका राग आला की ती उठलीच. "आज साडेअकराच्या आत आईला सांगायचंय. हाव म्हणून नाही तर न्हाई म्हणून. बाबा निरोप घेऊन उदगीरला जाणार हायत. एकदा निरोप गेला की गेला."

"मग जा की. लावा फोन."

फोन लागायचा तो फक्त टेकडीच्या माथ्यावर. जायला वीस मिनिटं.

"आणि पोरं?"

"मी उठवतो. नऊच तर हायत."

"नियम?"

"एक दिवस..." तो म्हणाला.

ती दोन पावलं गेली. मग वळली. "काय सांगू आईला?"

वैजनाथनं चिमटीतली माती झटकली. वारा निरगुडीतून सळसळत गेला.

"तुम्हाला खरं वाटंल ते सांगा," तो शेवटी म्हणाला.

ती ओढणी कमरेला खोचून तरातरा टेकडी चढू लागली. मागं वळून पाहिलं नाही. आणि त्याच रागात एक गोष्ट सांगायची राहून गेली. नववी पोर, राजकन्या नावाची, आधी पळसाखाली बसवली होती. तिथं मुंगळे निघाले, म्हणून सुकन्यानं तिला उचलून नाल्याच्या वळणावर, निरगुडीच्या दाट जाळीमागं नेऊन बसवलं होतं.

अकराच्या सुमाराला वैजनाथ पोरं उठवत गेला. पोरांना नियम ठाऊक होता, पण बसून बसून पाय आखडले होते. सर दिसताच ती आपण होऊन उड्या मारत आली. पळसाखाली गवत दबलेलं होतं, पोर नव्हती. त्याला वाटलं, पुढच्या घोळक्यात पळाली असेल. डोकं ठिकाणावर नव्हतं. डोळे सारखे टेकडीकडं जात होते. त्यानं पोरं मोजली नाहीत.

शाळेच्या फाटकात गुंडप्पा सरांनी मोजली.

"सतरा," ते म्हणाले. पुन्हा मोजली. "वैजनाथ, सतराच हायत."

घड्याळात अकरा पस्तीस.

"राजकन्या," तो म्हणाला आणि उलटा पळत सुटला.

"राजकन्या! ए राजकन्या!" सर हाका मारत होते, वैजनाथ हाका मारत होता, खालून सतरा पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. माळावरून नुसते आवाज फिरून परत येत होते. उत्तर नव्हतं. बैठकीचा नियम त्या घाईत सरांनाही आठवला नाही. हाक ऐकू येईल इतकी पोर जवळ असती, तर तिनं ओ दिली असती. दिली नाही म्हणजे... दोघांनी एकदमच नाल्यापलीकडं पाहिलं. तिथं बिनकठड्याची जुनी विहीर होती. तिच्यापुढं खदान.

गुरम्माक्का पिठाच्या हातानंच धावत आली. झालेलं ऐकलं आणि पदर खोचून खदानीकडं निघाली. "अय्यो, मी त्या मुडद्यांना थांबवते. तुम्ही पोर बघा!"

खदानीवरचे मजूर तेलंगणातले. गुरम्माक्का लांबूनच "आगंडी! आगंडी!" म्हणून त्यांना थांबायला ओरडत गेली आणि सुरुंगाची भोकं पाडली होती त्या दगडावरच जाऊन बसली. मुकादम हातवारे करून लाल बावटा दाखवू लागला. "आधी माझी पोर," ती म्हणाली, "मग तुझा बार. उडवायचाच असला तर माझ्यासकट उडव."

विहिरीच्या काठावर वैजनाथ वाकून बघत होता. खाली हिरवं पाणी. काही दिसत नव्हतं.

"तुला पोहता येतं का?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"मग थांब. मी दोर आणतो."

"तोवर कुठं थांबू, सर?" तो म्हणाला, काठावर पडलेला बांबू काखेत मारला आणि भिंतीतले झिजलेले दगड धरत उतरू लागला. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून तो हातातल्या बांबूनं तळ चाचपू लागला. बांबू दर वेळी कशाला तरी लागायचा. दगड. मुळी. पुन्हा दगड.

सुकन्या टेकडी उतरत होती, तेव्हा तिच्या कानावर त्या हाका आल्या. आधी कळेना. मग नाव कळलं. राजकन्या! मग तिला पळस आठवला, मुंगळे आठवले, निरगुडी आठवली. ती सरळ उतारावरून पळाली. कुसळं पायात मोडत होती. दोनदा पडली, तळहात सोलले. वळणावर पोचली आणि जाळी बाजूला केली.

राजकन्या मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. डोळे रडून लाल झाले होते, पण ओठ घट्ट मिटलेले.

"ऊठ बाळा," सुकन्या म्हणाली. "ऊठ."

"ताई, लई वेळ लावला तुम्ही!" पोर उठली आणि तिच्या कमरेला बिलगली. "समदे किती ओरडून राहिले. जाळीतला होला उडून गेला त्यानं. मी न्हाई बोलले, ताई. मला लई भ्या वाटलं, पर मी न्हाई बोलले. तुम्हीच बसवलं होतं ना..."

सुकन्यानं तिला उचललं. दहा वर्षांची पोर, पण वजन जाणवलं नाही. विहिरीशी सर दोर घेऊन एकटेच उभे होते. तिनं पोर त्यांच्या हवाली केली आणि खाली वाकली.

"वैजनाथ! सापडली! वर ये!"

त्यानं मान वर केली. पाण्यात उभ्यानंच त्यानं बांबू सोडून दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिनं त्याला पहिल्यांदाच 'ये' म्हटलं होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी गुरम्माक्का दगडावरून उठली. वीस मिनिटांनी बार उडाला, तेव्हा सगळे शाळेच्या आवारात होते. त्या आवाजासरशी सुकन्यानं राजकन्येला जवळ ओढलं.

शाळेची एक रीत होती. शिकवणाऱ्याकडून चूक झाली, तर त्यानं पोरांपुढं उभं राहून ती सांगायची. पोरं विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. सर स्वतःही अनेकदा असे उभे राहिले होते.

जेवणाआधी अठरा पोरं लिंबाखाली गोल करून बसली. वैजनाथ ओल्या कपड्यांनीच उठला.

"चूक माझी हाय. दुसऱ्याची पोरं मी उठवली. मोजली न्हाईत. ह्यांची चूक न्हाई, मीच म्हणालो जा म्हणून."

"थांबा," सुकन्या उठली. "म्हणाले ते. पण गेले मी. जागा बदलली, तेही सांगितलं न्हाई. त्यांची चूक हाय, तशी माझीही हाय."

सरांचा चेहरा सकाळपासून दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. त्यांनी पोरांकडं पाहिलं. "विचारा."

राजकन्येनंच हात वर केला. "ताई, तुम्ही कुठं गेल्या होत्या?"

"टेकडीवर. फोन करायला."

"कुनाला?"

"माझ्या आईला."

"काय सांगितलं आईला?"

सुकन्याला वाटलं, सर आता थांबवतील. सरांनी थांबवलं नाही. अठरा जोडी डोळे तिच्यावर होते. एकोणिसावी जोडी जमिनीकडं बघत होती आणि तिच्याकडं पाहायला भीत होती.

"सांगितलं..." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "सांगितलं की पाहुण्यांना येऊ देऊ नका. मला इथला एक माणूस पसंत हाय. त्यानं अजून विचारलं न्हाई... पण मला पसंत हाय."

"कोन?" दोन-तीन पोरं एकदम ओरडली. मग त्यांनी वैजनाथकडं पाहिलं आणि एकमेकांना कोपरानं ढोसत खिदळू लागली. गुरम्माक्का दारात पळी घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"सर, सर," मागचं एक पोरगं वैजनाथला म्हणालं, "मंग तुम्हाला पसंत हायत का ताई?"

वैजनाथनं मान वर केली. ओले केस कपाळाला चिकटले होते. तो सुकन्याकडं बघत होता, उत्तर मात्र पोराला दिलं.

"हितं उभं राहून फक्त चूक सांगायची असती, बाळा," तो हळू म्हणाला. "ताई पसंत असणं ही माझी चूक न्हाई."

मग गुंडप्पा सर उठले.

"दोन महिने तुम्ही दोघं बैठकीला जायचं न्हाई," ते म्हणाले. "आणि आत्ता, जेवणाआधी, वाडीवर जायचं. राजकन्येच्या आईला घडलं ते समदं सांगायचं. ती म्हणाली पोर उद्या नको, आजच घरी आणा, तर मी आणून सोडीन. ती म्हणाली ह्या दोघांना पुन्हा पोरांत ठेवू नका, तर ठेवणार न्हाई. जा."

वाडी अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. दोन्ही अंगांना तूर शेंगांनी लवली होती. दोघं पुढंमागं चालत होते.

"तुमची आई काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"म्हणाली, मानूस काय करतो? मी म्हटलं, माती तपासतो."

"मग?"

"म्हणाली, मग त्याला शेत दाखवायला आण एकदा. बाबांचं ती बघती म्हणाली. पण बाबा चिडणार हायत."

"चिडू द्या."

"द्या?" तिनं थांबून पाहिलं.

"चिडू दे," तो म्हणाला.

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग लगेच तिचं हसू मावळलं, कारण समोर कापसाचं रान आलं होतं. चार बाया ओळीत वेचत होत्या. त्यातली एक, राजकन्येसारख्याच रुंद कपाळाची, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, त्यांना बघून ताठ उभी राहिली. शाळेची माणसं भरदुपारी पोरीशिवाय आलेली पाहून तिच्या हातातलं बोंड खाली पडलं.

"पोरगी चांगली हाय, बाई!" सुकन्या लांबूनच ओरडली. "काही झालं न्हाई तिला!"

बाईनं श्वास सोडला. पण ती जागची हलली नाही. काहीतरी सांगायला आलेत, हे तिनं ओळखलं होतं.

"मी सांगतो," वैजनाथ कुजबुजला. "तू मागं राहा."

सुकन्यानं सोललेला तळहात पुढं करून त्याचं मनगट धरलं. दुखलं, तरी सोडलं नाही.

"दोघं सांगू," ती म्हणाली, आणि दोघं कापसात उतरले.