नापासबाई

ती रोजच्यासारखी सकाळी प्रयोगशाळेच्या इमारतीत शिरली आणि दारातच थबकली. कुठेतरी ओलं लाकूड धुमसत होतं. पहारेकऱ्याला विचारलं, तर त्याला कसलाच वास येत नव्हता. मग वासाचा माग काढत ती थेट भेटायला येणाऱ्यांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. बाकावर एकच तरुण बसला होता. उंच, उन्हानं रापलेला, मांडीवरची स्टीलची बाटली दोन्ही हातांनी सांभाळत. वास त्याच्या शर्टाला येत होता.

“तुमचं काही जळतंय का?” तिनं विचारलं.

त्यानं गडबडून खिसे चाचपले. “नाही... म्हणजे, आत्तापर्यंत तरी नाही.”

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. कामावर असताना हसायची तिला सवय नव्हती.

त्या इमारतीत साबणांना आणि अत्तरांना लागणारे सुगंध तयार होत. बाहेरून येणारं प्रत्येक तेल आधी तिच्या टेबलावर यायचं. यंत्र त्यातले घटक मोजून कागदावर चढउतारांची रेघ काढायचं, पण शेवटचा शब्द तिच्या नाकाचा. कागदाची बारीक पट्टी तेलात बुडवायची, हुंगायची आणि पास की नापास ते लिहायचं. दहांतल्या सात जणांना ती परत पाठवायची, म्हणून तेलवाल्यांनी तिचं नाव नापासबाई ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. नाक मुरडायचा पगार मिळतो मला, असं ती घरी आईला ऐकवायची. त्यावर आई म्हणायची, स्थळं आली की फुकटही मुरडतेस.

त्या तरुणाच्या बाटलीत जिरॅनियमचं तेल होतं. जिरॅनियमच्या पानाला गुलाबासारखा वास असतो. टनभर पाला वाफेवर उकळला की जेमतेम किलोभर तेल हाती लागतं. तिनं पट्टी नाकाशी नेली. गुलाब होता, पण धुराच्या पडद्याआड. तिनं ‘नापास’ लिहिलं आणि पुढे ‘धूर’.

तेलवाले अशा वेळी वाद घालत, नाही तर पाय आपटत निघून जात. यानं शांतपणे विचारलं, की धूर नक्की कशाचा. ती म्हणाली, ओल्या लाकडाचा, आणि भट्टीच्या तळाशी पाला करपत असणार त्याचा. तो तिच्याकडे बघतच राहिला. गेल्या आठवड्यात टेकडीवरून आणलेलं लाकूड भिजलेलंच होतं, आणि जाळ थेट हंड्याखाली होता.

“तुम्ही इथे बसून आमची भट्टी पाहिलीत,” तो म्हणाला. “मी तिथे उभा राहून पाहिली नव्हती.”

त्या दिवशी नापास झालेला माणूस खुशीत गेला आणि नापास करणारी दुपारभर उगाच पट्ट्या मोजत बसली.

महिन्याभरानं तो परत आला. आता पाण्याची टाकी वेगळी ठेवून तिच्यातली वाफ नळीनं हंड्यात सोडली होती. टेकडीवरची झाडं तोडणंही बंद केलं होतं. उकळून झालेला पाला वाळवून तोच जाळत होता. हे सगळं त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की पट्टी हुंगताना तिला वाईटच वाटलं. धूर गेला होता. पण वर उकडलेल्या कोबीचा वास!

“कोबी,” तिनं सांगितलं.

“आमच्याकडे कोबी पिकत नाही हो.”

मग तिनं समजावलं. ताज्या तेलात थोडा गंधकाचा वास अडकलेला असतो. रुंद तोंडाच्या भांड्यात, सावलीत, ढवळत ठेवलं की तो उडून जातो. त्यानं सगळं वहीत टिपून घेतलं. निघताना तिनं सहज विचारलं, की बाटली कुरियरनं का पाठवत नाही, तेवढा हेलपाटा वाचेल.

“कुरियरवाल्याला तुम्ही कोबी समजावून सांगणार आहात का?” तो म्हणाला, आणि जिना उतरला. उतरताना दोनदा मागे वळला... ती खिडकीत होती म्हणून तिला दिसलं. खिडकीत का होती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या बाटलीच्या वेळी मात्र तिला स्वतःचाच राग आला. कोबी नव्हता, धूर नव्हता, पण तेल मिळमिळीत होतं. पान चुरगाळल्यावर येणारा तो हिरवा, ताजा दरवळ कुठेच नव्हता. एकदा हुंगून जे कळलं, ते तिनं सात वेळा हुंगून पाहिलं. सातव्या वेळी तिच्या लक्षात आलं, की आपण दोष शोधत नाही, पास करायला निमित्त शोधतोय. तिनं ‘नापास’ लिहिलं.

मग त्यानं आपली अडचण सांगितली. त्याच्या भट्टीवर आजूबाजूच्या अकरा शेतांतला पाला यायचा, आणि नियम असा, की एका हंगामात चार वेळा नापास झालेल्याचं नाव यादीतून जातं. त्याचा काका त्याला रोज टोचत होता, की कारखान्यात बनवलेला वास बाजारात मिळतो, दोन चमचे घाल आणि मोकळा हो.

“तुम्ही हे मला का सांगताय?” तिनं विचारलं.

“घातलं असतं तर तुम्हाला कळलं असतं,” तो म्हणाला. “आणि तुम्हाला नसतं कळलं... तर मला जास्त वाईट वाटलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पांढरे केस, करडा आवाज, आणि नाक असं, की तिचं नाकही त्यांनीच घडवलेलं. एखाद्या तेलवाल्याची तपासणी नको असेल तर एक फॉर्म भरून द्यावा लागे. तिनं तो भरून आणला होता, फक्त कारणाचा रकाना कोरा होता. मोठ्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. कारणाशिवाय चालणार नव्हतं.

तिनं उभ्या उभ्या पेन काढलं आणि लिहिलं, ‘यांची बाटली पास व्हावी असं मला वाटू लागलं आहे.’

मोठ्या बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“हे त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी मला कशाला सांगतेस?” असं म्हणून त्यांनी सही ठोकली. चौथी बाटली त्या स्वतः तपासणार होत्या, नाव न बघता, नुसत्या आकड्यावरून. आणि आता ती त्याची परीक्षक नसल्यामुळे तिनं रविवारी कुठे जावं, कोणाला काय शिकवावं, हा खात्याचा प्रश्न नव्हता. हे वाक्य मोठ्या बाई खिडकीकडे बघत बोलल्या.

त्या रविवारी ती पहिल्या बसनं निघाली. थांब्यापासून भट्टीपर्यंतची वाट जिरॅनियमच्या शेतांमधून जात होती. चालताना ओढणी पानांना घासत होती आणि प्रत्येक पावलाला गुलाब वर येत होता. तो भट्टीपाशी होता. शर्टाच्या खिशात कचेरीचं पत्र दुमडून ठेवलेलं. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच बंद झाला.

“माझी बाटली तुम्ही तपासणार नाही म्हणे,” तो म्हणाला. “कंटाळलात?”

बसमध्ये तिनं बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“मी सात वेळा हुंगली तुमची बाटली,” ती म्हणाली. “एकदा हुंगून पुरतं मला. सहा वेळा... तुमच्यासाठी. असं नाक कामाचं नाही. म्हणून सोडलं.”

वाफेचा फुसफुस आवाज येत राहिला. मग त्यानं खिशातलं पत्र काढलं, नीट चार घड्या घातल्या आणि पुन्हा खिशात ठेवलं, या वेळी आतल्या.

“चहा घ्याल?” तो म्हणाला.

“आधी भट्टी.”

तिनं नळीवरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. वाफ जिथे थंड होऊन तेल सुटायचं, तिथलं पाणी कोमट नव्हे, चांगलं गरम होतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून तो एकाच हौदातलं पाणी पुन्हा पुन्हा फिरवत होता, आणि दुपारपर्यंत तो हौद तापायचा. वाफ पुरती निवायची नाही, की त्यातला हलका, ताजा वास आधी उडून जायचा. पाणी वाचवणं बरोबर होतं, हौद अपुरा होता. मागे आंब्याच्या सावलीत एक जुनी टाकी पालथी पडली होती. दोघांनी ती सरळ केली, घासली, दुपारभर खपून नळी जोडली. त्याची आई पाणी घेऊन आली. गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या त्या पाहुणीला तिनं न्याहाळलं आणि मुलाला विचारलं, की ही नापासबाई ना? तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र या वेळी मनसोक्त हसली.

पुढच्या खेपेला पाला पहाटे चढवला, पाणी गार असताना. तेल सावलीत ढवळत ठेवलं. बाटली घेऊन तो आला त्या दिवशी ती आत गेलीच नाही, जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. निकालाची चिठ्ठी नियमानं फक्त तेलवाल्यालाच मिळे. पाऊण तासानं तो बाहेर आला. चिठ्ठी मुठीत, चेहऱ्यावर काहीच नाही. तो तिच्याशेजारी बसला.

“आधी एक सांग,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून ‘सांगा’ऐवजी ‘सांग’ निघालं, हे दोघांनाही कळलं. “नापास असती, तर येत्या रविवारी आली असतीस?”

“आले असते. आणि दुसरी भट्टी लावायला लावली असती.”

“यादीतून नाव गेलं तरी?”

“ही एकच यादी आहे का जगात? दुसरीकडे गेलो असतो. तिथेही नसतं झालं तर पुढे.”

“गेलो असतो,” तो सावकाश म्हणाला, जणू त्या शब्दाची चव घेत होता. मग त्यानं मूठ उघडली.

चिठ्ठीवर मोठ्या बाईंच्या अक्षरात ‘पास’ एवढंच होतं. तिनं ते तीनदा वाचलं. वरून-खालून माणसं जिना चढत-उतरत होती. दोन तेलवाले आपापल्या बाटल्या घेऊन, अंग चोरून बाजूनं गेले. तिनं चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली, आणि आपला हात काढून घेतला नाही.