एडवणच्या फायनलची कॅसेट

आमच्या नवापूरच्या कबड्डी मंडळात मी खेळत नाही, गुण लिहिते. सराव संपला तरी वही पुरी करायला मला थांबावं लागतं. त्या दिवशीही थांबले होते. अंधार पडला होता. कट्ट्यावर आमचा सराव घेणारे जिव्याबाबा बसले होते. बाबा आता सत्तरीचे आहेत, पण गळ्यातली शिट्टी अजून सुटलेली नाही.

माझा भाऊ भाग्येश मोबाइलवर जुनी मॅच बघत होता. "बाबा, मंडळाच्या सगळ्या मॅची क्लाउडवर चढल्या. त्रेसष्ट!"

"चौसष्ट," बाबा म्हणाले.

"चौसष्टावी मॅच नाही, कुणाची तरी हळद आहे. कमलाकांतकाकांनी चुकून चढवली."

"चुकून नाय." बाबा म्हणाले. "आयकायचं हाय? मग तो मोबाइल खिशात टाक. आनि मधी हसायचं नाय."

"भुताची आहे का?"

"ते तू ठरव. कमलाकांतनं मला जसं सांगितलं, तसं सांगतो."

बाबांनी सांगितलं ते असं.

कमलाकांतकाकांचा बोईसरला स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षं मंडळाच्या मॅची त्यांनीच शूट केल्या. खाऱ्या हवेनं कॅसेटी खराब व्हायला लागल्या, तेव्हा मंडळानं ठरवलं, सगळं क्लाउडवर ठेवायचं. काम सोपं होतं, पण वेळखाऊ. कॅसेट जुन्या कॅमेऱ्यात घालायची, ती पूर्ण चालेपर्यंत लॅपटॉपवर उतरवायची, मग चढवायची. तासाच्या कॅसेटला तास. दिवसा गिऱ्हाइकं असायची, म्हणून काका रात्री बसायचे.

नवापूरच्या सोजराबाई दर आठवड्याला मासळी विकायला बोईसरला यायच्या. टोपली खाली ठेवून जिन्यातूनच हाक मारायच्या. "कमल्या, एडवणची फायनल चढवली का रे?"

"चढवतो, मावशी."

"माज्या अनुजचा हात लागला का नाय, तेवडं मला दाखव. माजे डोले जायच्या आदी."

अनुज त्यांचा एकुलता एक मुलगा. नवापूरचा सात नंबर. होडीच्या दोरात सापडून त्याच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धं गेलं होतं, तरी त्याच्यासारखी चढाई कुणी केली नाही. २००९ च्या फायनलला एडवण एका गुणानं पुढे होतं. अनुज शेवटच्या चढाईला गेला, एकाला हात लावून परत आला. पंचानं मान हलवली. हात लागला नाही म्हणाला. नवापूर हरलं. अनुज ओरडत राहिला, "लागला! कमलाकांतदादाच्या कॅमेऱ्यात हाय. उद्या बगा सगल्यांनी!" लोक हसले. हरल्यावर सगळे असंच म्हणतात.

चौथ्या दिवशी तो होडीवर गेला. होडी परत आली. तो नाही.

ती कॅसेट कुणीच पाहिली नाही. कारण दुसऱ्याच दिवशी काकांना हळदीची ऑर्डर होती. दुकानं बंद, नवी कॅसेट मिळेना. काकांनी त्याच कॅसेटवर हळद शूट केली. आणि सोळा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

मात्र एक आशा त्यांच्या मनात होती. हळद पन्नास मिनिटांची होती आणि कॅसेट तासाची. शेवटची दहा मिनिटं कदाचित वाचली असतील. ती चढाई त्यातच असेल.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावास्या. त्रेसष्ट कॅसेटी संपल्या होत्या. रात्री अकरा वाजता काकांनी चौसष्टावी कॅमेऱ्यात घातली.

पडद्यावर हळद सुरू झाली. बँड, मांडव, नाचणाऱ्या बायका. काका घड्याळाकडे बघत बसले. चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस झाली.

मग बँडचा आवाज बारीक होत गेला. काकांनी आवाज वाढवला. बँड वाढला नाही. त्याखालचं काहीतरी वाढलं.

...कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी...

काका पुढे वाकले. नाचणाऱ्या बायका एकेक करून बाजूला सरत होत्या. कुणाला तरी वाट देत होत्या. मधली जागा मोकळी झाली. तिथे हळदीचं ताट होतं. ताटाजवळ कुणीतरी वाकलं होतं. पाठमोरं. अंगातून पाणी गळत होतं. पाठीवर सात.

त्यानं ताटात उजवा हात बुडवला.

आणि चौकटीबाहेर गेला.

पडदा निळा झाला. बँड थांबला. ते थांबलं नाही.

...कबड्डी कबड्डी कबड्डी...

आता ते लॅपटॉपमधून येत नव्हतं.

चढाई तीस सेकंदांची असते. काकांची नजर घड्याळावर होती. एक मिनिट. दोन. चार. दम तुटत नव्हता. कुठेच श्वास नाही. पायांचा आवाज. ओल्या पायांचा. डावीकडे... उजवीकडे... पुन्हा डावीकडे. जसा चढाईवाला गडी हेरतो तसा.

काकांना उठता येईना.

मागे वळता येईना.

"अनुज..." ते एवढंच म्हणाले.

पाठीवर हात पडला.

गार.

मग पावलं मागे सरली. दारापर्यंत. उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याबाहेर एक पाऊल... आणि दम सुटला. कुणीतरी मोठा श्वास घेतला. सोळा वर्षं रोखलेला.

बाबा थांबले. भाग्येश मला चिकटून बसला होता. एरवी तो मला भित्री म्हणतो.

"मग मॅच होती का त्यात?" त्यानं विचारलं.

"नाय. शेवटची धा मिनटं कोरीच होती. ती फाइल तुज्या मोबाइलमधी हाय, बग. नुसती हळद, मग निळा पडदा. सात नंबर कुटं नाय."

"मग काकांना भास झाला असेल."

"कमलाकांतची बायको पुष्पलता, ती पन तेच म्हनाली. मग तिनं नवऱ्याचा शर्ट पाठीकडून बगितला."

शर्टाच्या पाठीवर हळदीचा पंजा होता. करंगळीजवळचं बोट अर्धं. पुष्पलताकाकूंनी शर्ट तीनदा धुतला. मग बोंबील वाळत घालतात त्या बांबूवर आठ दिवस टाकला. हळद उन्हात उडते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ही उडाली नाही.

मग काका तो शर्ट घेऊन सोजराबाईंकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. सोजराबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांनी त्या अर्ध्या बोटावरून बोट फिरवलं, शर्टाची घडी केली आणि थेट पंचाचं घर गाठलं. "या वेलेला तरी दिसतो का, बग," एवढंच म्हणाल्या.

"पंच कोण होते?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

बाबांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. समुद्राचा आवाज येत होता. मग म्हणाले, "त्या दिवशी भायेरचा पंच आलाच नाय. म्हनून गावचाच उभा केला. त्याला वाटलं, आपल्या पोराला गुन दिला तर एडवणवाले म्हनतील, घरचा पंच, घरचा न्याय. तो भ्याला... हात लागलेला त्यानं बगितला व्हता."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून कट्ट्यावर ठेवली. पिशवीतून घडी केलेला पांढरा शर्ट काढला आणि माझ्या वहीवर ठेवला.

"पोरी, गुन तू लिवतेस ना? लिव. नवापूर, सात नंबर. एक गुन."

मी शर्ट उचलून बाजूला ठेवला आणि गुण लिहिला. लिहिताना माझं बोट कागदावर टेकलं. ते ओलं होतं. कागदावर पिवळा ठसा उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ते पान उन्हात ठेवलं.

ठसा अजून आहे.