चारही चाकं

दादाची पिकअप माझ्या गॅरेजात आली ती दुसऱ्या गाडीमागे दोरखंडानं ओढत. इंजिनात गाळ, दिव्यांच्या काचांत पाणी. दादाचा देह आदल्या दिवशीच सापडला होता, ओढ्याच्या खालच्या वळणावर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोबाइलचे टॉवर दुरुस्त करायचा. जिथं बाकीच्यांच्या गाड्या मान टाकायच्या तिथं त्याची पिकअप चिखल तुडवत चढायची, कारण तिची पुढची चाकंही जोर लावायची. एक बटण दाबलं की झालं. तो तिला म्हैस म्हणायचा. पाणी दिसलं की बसायला बघते, ढोसून उठवावी लागते, म्हणायचा. त्या दिवशी टॉवरवरून एकटाच परत येताना ती ओढ्यात रुतली आणि वरून लोंढा आला. आम्हाला कळलं ते एवढंच.

बाकीचं लोक बोलले. शेवटचे काही महिने दादा गप्प गप्प असायचा. कशानं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बोलणाऱ्यांना तेवढं पुरलं. पाणी येताना दिसतं की, म्हणाले. माणूस उतरून पळत नाही का, म्हणाले.

वहिनी यावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या शाळेत गणित शिकवतात. शाळा सुटली की थेट गॅरेजात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि मी काय काय खोलतोय ते बघत राहायच्या. मी चहा मागवायचो, तो त्यांच्या हातातच गार व्हायचा. इंजिन सुरू झालं, दिवे लागले, तरी पुढची चाकं काही जोर धरेनात. फ्यूज पाहिला, ठीक होता. बटण खोलून पुसलं, ठीक होतं. तारेत वीज येत होती. मग खाली शिरलो. गिअरबॉक्सच्या मागे एक छोटी मोटर असते. बटण दाबलं की ती फिरते आणि पुढची चाकं इंजिनाला जोडते. ती जळून काळी पडली होती.

ती हातात घेऊन बाहेर आलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, यांनी बटण दाबलं होतं का... हे यावरून कळेल?"

इतके दिवस त्या कशासाठी येऊन बसत होत्या, ते मला तेव्हा समजलं. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण ही मोटर आत पाणी गेल्यानंही जळते आणि जीव तोडून पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानंही जळते. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पदरानं ती मोटर पुसून बाकावर ठेवली.

नवी मोटर बसवली. गाडी उचलून धरली, बटण दाबलं, चारही चाकं छान फिरली. मी म्हटलं, झालं काम. वहिनी म्हणाल्या, इथं नको, तिथं लावून बघू या. मी खूप समजावलं. शेवटी आपण नाही गेलो तर या एकट्या जातील, एवढ्यासाठी निघालो.

ओढ्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. बाभळीच्या फांद्यांवर लोंढ्यानं आणलेला कचरा अजून लोंबत होता, माझ्या डोक्याच्याही वर. कुजल्या पाल्याचा वास येत होता आणि एक पाखरू म्हणून ओरडत नव्हतं. वहिनींनी गाडी खाली घातली. मधोमध मागची चाकं गाळात फिरायला लागली. त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. गॅरेजात मुकाट चालणारी वस्तू इथं येऊन अडली होती.

मी त्यांना गाडी बंद करायला सांगितलं आणि पाठ टेकून खाली सरकलो. बॅटरीच्या उजेडात सगळं जागच्या जागी दिसलं. तार घट्ट होती. तेवढ्यात माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर मोटर फिरली. टर्र... आणि थांबली. पुन्हा टर्र...

"वहिनी, दाबू नका," मी म्हणालो.

टर्र... टर्र... टर्र... आता दमही न घेता. कुणीतरी घायकुतीला येऊन बोट उचलतंय, दाबतंय, उचलतंय, दाबतंय असं.

"वहिनी, माझा हात आहे इथं..."

"मी नाही दाबत."

आवाज गाडीतून आला नाही. मी मान वळवली. त्यांचे पाय काठावर दिसले. मी सरपटत बाहेर आलो. त्या उभ्या होत्या, किल्ली त्यांच्या मुठीत होती, आणि बंद गाडीखाली मोटर फिरायची थांबत नव्हती.

तार उपटायला मी वाकलो तर त्यांनी धावत येऊन माझा दंड धरला. मग त्या चिखलात गुडघ्यांवर बसल्या आणि गाडीच्या दाराला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"दाबत होते हो," त्या म्हणाल्या. "घरी यायचं होतं त्यांना."

त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, तापानं फणफणलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. हळूच म्हणाल्या, "पुरे आता. दमलात. मी आणलीय ना गाडी... चला घरी."

मोटर थांबली.

वहिनी उठल्या, आत बसल्या, किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला तो स्थिर राहिला. पुढच्या चाकांनी गाळ धरला आणि गाडी एका दमात काठावर चढली. मी धावत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

डांबरी रस्त्याला लागलो आणि समोर टिंग वाजलं. या पिकअपला मागेही सीट आहे; तिथं कुणी पट्टा न लावता बसलं की त्याच्या जागेची लाल खूण लागते, ती लागली होती. वहिनींच्या मागची जागा. मागे तर आम्ही साधी पिशवीही ठेवली नव्हती. वहिनींनी खूण पाहिली. घाबरल्या नाहीत. डोळे पुसले आणि गाडीचा वेग कमी केला. खड्डे चुकवत, अगदी जपून चालवू लागल्या. मलाही, खरं सांगतो, त्या घटकेला भीती वाटली नाही. दादा मागे बसलाय आणि आपण त्याला घरी नेतोय, एवढंच वाटलं.

गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा पुन्हा टिंग वाजलं. पहिल्या खुणेच्या शेजारी दुसरी लागली. ती माझ्या मागच्या जागेची होती.

वहिनींचे हात स्टिअरिंगवर आवळले. रस्त्यावरची नजर न हलवता, ओठ जेमतेम हलवत त्यांनी विचारलं, "भाऊजी... त्या दिवशी हे एकटेच होते ना?"