उपाशी पेशी

“आज त्यांना अजिबात खायला घालू नकोस! मी उद्या सकाळी येईपर्यंत उपाशीच राहू देत!”

तळेघरहून मंचरला निघालेल्या एसटीत मी फोनवर ओरडत होते. फोन ठेवला, तर डिंभ्याला चढलेला शेजारच्या सीटवरचा तरुण — पायाशी हिरड्याचं पोतं — माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

“मॅडम, मुकी जनावरं अशी उपाशी ठिवू नाय. पाप लागतं.”

“जनावरं नाहीत हो... लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी आहेत!” मला हसू आवरेना.

“मंग त्यांला उपास कशापायी?”

मी सांगितलं. पुण्यात प्रयोगशाळेत मी त्या पेशी वाढवते. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं प्रथिन. ते पेशीच्या दाराशी येतं, निरोप आत जातो आणि झोपलेली जनुकं जागी होतात. पण खाऊन सुस्तावलेल्या पेशीला निरोप आला काय, न आला काय... म्हणून आधी उपास!

“म्हंजी सांगावा म्हना की! आमच्यात बी पोरगी बगायला जायच्या आदी सांगावा धाडत्यात.”

चार वर्षं घासून मी जे शिकले, ते या पठ्ठ्यानं एका शब्दात उरकलं! राग यायला हवा होता... आला नाही. त्याचं नाव सार्थक, गाव आहुपे. त्यानं करवंदांचा द्रोण पुढे केला. मी पण मोकळेपणी सांगून टाकलं — प्रयोग दोनदा फसलाय, आता फसला तर विषयच सोडावा लागेल.

“नाय फसायचा. पन मला कळवा हां.” मंचरला उतरताना मी नाव-गाव सांगितलं, ‘मोहिनी, तळेघरची’, आणि आम्ही एकमेकांचे नंबर घेतले.

आठ दिवसांनी आकडे आले. एक जनुक नऊपट जागं झालं होतं! आणि पेशीचं दार बंद करणारं औषध दिलेल्या पेशी? गप्प! म्हणजे निरोप खरंच त्या दारातूनच आत जात होता. माझ्या गाईड मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या, पण मी आधी फोन लावला तो सार्थकला. पहिल्याच रिंगला उचलला.

“सांगावा पोचला, सार्थक! जनुकं बोलली!”

“आरं वा! आठ दिस रोज ह्या टेकाडावर येऊन बसतोय, मोहिनी. घरी रेंज नाय... तुमचा फोन चुकला आसता.”

माझे कान तापले.

“एक इचारू?” तो अडखळला. “आय माजी... रविवारी तळेघरला तुमच्या घरी सांगावा घिऊन यायचं म्हनतीय. तुमी... दार लावून न्हाई ना घेनार?”



“आईंना सांगा,” मी म्हणाले, “उपाशीपोटीच या. आमच्याकडे जेवूनच जायचंय.”