ओल्या टोपीचा माणूस

दुपारचं जेवण आटोपून मनोविकारतज्ज्ञ बाई तुरुंगाच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कामापेक्षा झोपच जास्त होती. काम नेहमीचंच होतं. आरोपीला खरंच वेड लागलंय की त्यानं वेडाचं सोंग घेतलंय, एवढं ठरवून न्यायालयाला कळवायचं. वेड खरं निघालं तर रुग्णालय. सोंग निघालं तर खटला, आणि तोवर एकांत कोठडी.

तपासणीची खोली लांबट होती. वरच्या झरोक्यातून पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड येत होता. फिनेलच्या वासाखाली जुन्या, दमट चुन्याचा वास दबून बसला होता. पंखा फिरत होता, पण वारा कोणाला द्यायचा हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

"आजचा फार भारी आहे, मॅडम," दारावरचा शिपाई म्हणाला. "सकाळपासून दोनदा राजा झाला, एकदा बदक."

"बदक कधी?"

"जेवणाआधी. जेवायला मात्र माणूस होता."

आरोपी एका इमारतीतला लिफ्टवाला होता. मॅनेजरला लिफ्टच्या खड्ड्यात ढकलल्याचा त्याच्यावर आरोप होता. तो आत आला, खुर्चीला नमस्कार करून जमिनीवर बसला.

बाईंची एक ठेवणीतली युक्ती होती. वेड किती घ्यावं, याचा सोंगाड्याला अंदाज नसतो. फुकट मिळतंय म्हणून तो दिसेल ते लक्षण पिशवीत भरतो. म्हणून बाई मधूनच जगात कोणालाच न होणारं एक लक्षण विचारत. चहा निवण्याची वाट पाहताना त्यांनी स्वतःच ते रचलं होतं. ओली टोपी घातलेला एक बुटका माणूस भिंतीला कान लावून उभा दिसतो का? सोंगाडे आनंदानं हो म्हणत. खरे रुग्ण बाईंकडे काळजीनं बघत.

"आवाज येतात?" बाईंनी सुरुवात केली.

"दिवसरात्र!"

"कपाटं बोलतात?"

"बोलतात? भांडतात माझ्याशी!"

"रंग ऐकू येतात?"

"हिरवा तर कान फाडतो, मॅडम."

बाईंनी जांभई गिळली. हा गडी बदक म्हणूनसुद्धा पास झाला नसता. तरी रिवाज म्हणून त्यांनी ओल्या टोपीचा प्रश्न विचारला.

 लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग एखाद्यानं पुसून घ्यावा तसा उतरला. मांडी मोडून तो हळूच खुर्चीवर बसला, साध्या, दमलेल्या माणसासारखा.

"बाकी सगळं नाटक आहे," तो कुजबुजला. "पण त्याचं नाव काढू नका... ऐकतो तो."

"माझा प्रश्न आत सगळ्यांना ठाऊक असेल," बाई शांतपणे म्हणाल्या.

"पाठ आहे. मॅडम असं विचारतील, तू 'नाही' म्हण, असं पहिल्याच रात्री शेजारच्या कोठडीतल्यानं मला पढवलं. मी ऐकलं, कूस बदलली... तर हा भिंतीशी उभा." त्यानं बाईंच्या खांद्यामागे पाहिलं. "आता तो समोर असताना 'नाही' कसं म्हणू? कोठडीत आम्ही दोघंच असतो, मॅडम. रुग्णालयात निदान माणसं तरी असतील. म्हणून तर बदक झालो."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मान जरा अवघडली होती, एवढंच. पंख्याचा आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. खोटेपणाचा शिक्का बसेल तेच उत्तर हा माणूस जाणूनबुजून देत होता. मग नवा गळ टाकायला हवा होता, तुरुंगात कोणी न ऐकलेला. जे मनात आलं ते त्या बोलून गेल्या.

"त्याच्याबरोबर एक मुलगी असते ना? लहानशी, अनवाणी?"

सोंगाड्या असता तर हो म्हणाला असता. लिफ्टवाल्यानं भिंतीकडे नीट निरखून पाहिलं. बराच वेळ.

"नव्हती," तो म्हणाला. आणि मग, फार हळू, "...आत्ता आली."

दमट चुन्याचा वास एकाएकी जवळ आला.

"कशाला आणलीत, मॅडम?" त्याचे डोळे भरून आले होते. "ती तुम्हाला आई म्हणतेय. विचारतेय, कुठे उभी राहू?"

बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी कागद ओढला. एवढं हुशार सोंग आपण आजवर पाहिलं नाही, असं स्वतःला बजावत त्यांनी लिहिलं की आरोपी आजारी आहे, त्याला रुग्णालयात हलवावं आणि एकटं ठेवू नये. अक्षर थोडं वाकडं आलं. लिफ्टवाल्यानं हात जोडले. त्याची नजर मात्र बाईंवर नव्हती. ती खालून, जमिनीलगत, भिंतीपासून बाईंच्या खुर्चीपर्यंत सावकाश सरकत आली होती.

बाई उठल्या आणि भरभर दाराकडे निघाल्या.

"काय, बदक की राजा?" शिपायानं दार उघडत विचारलं.

"आजारी आहे तो," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

शिपायानं दार लगेच लावलं नाही. ते धरून तो तसाच उभा राहिला. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर बघत, ओळखीचं हसून म्हणाला,

"सावकाश गं. उंबरठा उंच आहे."