सैल पट्ट्याचं गाणं

प्रेम विश्वाच्या आरंभापासून एकाच लयीत चालत आलेलं आहे, त्याला ना घाई ना उशीर, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी दौंड-शिरूर एसटीनं प्रवास केलेला दिसत नाही. या गोष्टीतलं प्रेम ऊन लागल्यामुळं सुरू झालं, आणि त्याचं पहिलं वाक्य पापडाबद्दल होतं.

कृपा वरवंडला मावशीकडं गेली होती, ती शिरूरला घरी परतताना त्या एसटीत चढली. शेजारी खिडकीशी एक तरुण मांडीवर पिशवी धरून बसला होता. पिशवीतून रेकॉर्डचं कव्हर डोकावत होतं आणि फेब्रुवारीचं ऊन नेमकं त्यावर पडलं होतं. न्हावऱ्यापर्यंत कृपानं कळ काढली. मग राहवेना.

"सावलीत घ्या ती रेकॉर्ड. पापड होईल तिचा."

तरुणानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग उन्हाकडं, आणि निमूट पिशवी उचलून दोघांच्या मधे ठेवली. त्याचं नाव संघर्ष. नाव ठेवणाऱ्यांच्या अपेक्षा मोठ्या असणार, पण हा गडी आजवर एसटीतल्या जागेसाठीसुद्धा कुणाशी भांडलेला नव्हता. दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. त्याचे आजोबा, शाहीर म्हाळू, ऐन तारुण्यात गेले. मागं एक खोकंभर रेकॉर्डी ठेवून गेले, त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या आवाजातली. घरचा प्लेअर कधीच बंद पडला होता. आप्पांना, म्हणजे संघर्षच्या वडलांना, यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते गाणं स्पीकरवर लावायचं होतं. म्हणून ते उतरवून घ्यायला तो शिरूरच्या बाजारातल्या एका मोबाइलवाल्याकडं निघाला होता.

तो मोबाइलवाला कृपाला ठाऊक होता. रेकॉर्ड वाजवायची आणि समोर मोबाइल धरायचा, ही त्याची पद्धत. गाण्याबरोबर दुकानातली गिऱ्हाइकंही त्यात भरली जायची. कृपानं हे सांगितलं आणि मग, उगाच आपलं माहिती म्हणून, हेही सांगितलं की ती स्वतः घरी हेच काम करते. दिवसा रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात, संध्याकाळी वडलांच्या प्लेअरवर. वडील चर्चच्या गायनमंडळात होते. प्लेअर ते मागं ठेवून गेले, आणि कान तिनं त्यांचेच घेतले होते.

दर रविवारी दुपारी संघर्ष येऊ लागला. एका खेपेला एकच रेकॉर्ड आणायचा, आणि शाहिरांची शेवटी आणीन म्हणायचा.

"खोकंच का नाही आणत?" तिनं एकदा विचारलं.

"फुटली-बिटली तर… जोखीम नको."

यावर कृपानंही रेकॉर्ड तपासल्यासारखी करून गंभीरपणे सांगितलं, की धुणं, वाळवणं, खरखर काढणं, आठ दिवस तरी जातील. खरं तर रेकॉर्ड जेवढा वेळ वाजते तेवढ्याच वेळात लॅपटॉपमधे उतरते. साफसफाई धरून एका संध्याकाळचं काम. आईनं एकदा विचारलं, सोमवारीच तयार झालेलं गाणं फोनवरून का पाठवत नाहीस. कृपा म्हणाली, फोनवर आवाज दबतो, पेन ड्राइव्हच लागतो. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "असंल बाई. आवाज दबायला नको."

खोकं मात्र आटायचं नाव घेईना. शाहिराच्या संग्रहात आधी पोवाडे निघाले, मग लग्नगीतं, हे रीतीला धरून होतं. पुढं एक कानडी भजनांची निघाली. मग एक शिवणयंत्र कसं वापरावं हे समजावून सांगणारी निघाली. एक बाई अत्यंत प्रेमळ आवाजात दोरा कसा ओवायचा ते सांगत होत्या. कृपानं त्या बाईंची खरखरही तितक्याच आस्थेनं काढली आणि काही विचारलं नाही. लोकांचं गाणं लोकांबरोबर जावं हा तिचा नियम असल्यामुळं स्वतःकडं काहीच ठेवलं नाही. पेन ड्राइव्ह देताना बोटाला बोट लागलं, तेवढं राहिलं.

एप्रिल लागला. आता जयंती टाळता येण्यासारखी नव्हती. संघर्षनं शेवटी शाहिरांची रेकॉर्ड आणली, आणि आणताना त्याचा चेहरा मुलगी सासरी घालवायला निघालेल्या बापासारखा होता. ही झाली की शिरूरला येण्याचं कारण संपत होतं. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही रेकॉर्ड धुवायच्या डिस्टिल्ड वॉटरबद्दल बोलत राहिले.

त्या रेकॉर्डवर कृपानं खरोखरच आठ दिवस घालवले. लेबलावर मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा वेग छापला होता, तिनं तो काटेकोर लावला. सुईखालून एक कोवळा, उंच, धावता आवाज वर आला. शेवटच्या कडव्यानंतर गाणारा किंचित हसला होता. ते हसू तिनं खरखरीतून अलगद सोडवून घेतलं. आपल्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं, याबद्दल तिला शंका नव्हती.

रविवारी गाणं घेऊन गेलेला संघर्ष दोनच दिवसांनी संध्याकाळी पुन्हा आला, पण एकटा नाही. बरोबर आप्पा होते, निळा फेटा बांधलेले, आणि रागावलेले.

"जय भीम," आप्पा म्हणाले. "सलाम," कृपाची आई ख्रिस्ती रिवाजानं म्हणाली. चहा झाला. मग आप्पांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"ह्यो आमचा आबा न्हाई."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आबाचा, म्हणजे शाहिरांचा, आवाज खर्जातला, भारदस्त. गाणं संथ. सगळी वस्ती ते तसंच म्हणते, लग्नात, जयंतीला, मयतीला. आणि यात कोणी पोरगं पळत सुटलंय. मिरवणुकीत हे लावलं तर लोक हसतील. संघर्ष खाली बघत होता. बाकीच्या गाण्यांचा वेगही त्याला जरा जास्त वाटला होता, पण डिजिटल म्हणजे असंच असणार, असं समजून तो गप्प बसला होता.

कृपानं विचारलं, जुन्या प्लेअरचा पट्टा कधी बदलला होता का?

"पट्टा असतोय व्हय त्यात?" आप्पा म्हणाले.

मग उलगडलं. पट्टा सैल होता, म्हणून रेकॉर्ड हळू फिरायची. आप्पांना समज आली तेव्हापासून सैल होता. दौंडच्या त्या घरात ऐकू येणारे सगळेच गायक वयस्क आणि सगळ्याच गायिका घसा बसलेल्या होत्या, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि आबा गेले तेव्हा आप्पा पाळण्यात होते. बापाचा आवाज म्हणून त्यांनी ऐकला तो सैल पट्ट्यावरचाच.

लेबल दाखवून आपलं बरोबर आहे हे सिद्ध करणं कृपाला अवघड नव्हतं. कारखान्यात ती दिवसभर तेच करायची. तिनं रेकॉर्ड कव्हरात घातली आणि लॅपटॉप पुढं ओढला.

"आप्पा, तुम्ही म्हणून दाखवा. तुमच्या चालीत."

आप्पांनी आढेवेढे घेतले, मग डोळे मिटून गायला लागले. कृपा एकेक पायरीनं वेग उतरवत गेली. आवाज जाड झाला, पावलं मोठी झाली, आणि एका ठिकाणी मेलेला बाप आणि जिता मुलगा बरोबर एका सुरात आले. आईनं शिवणयंत्र थांबवलं.

"ह्यो," आप्पा म्हणाले. "ह्यो माझा बाप."

गाणं पेन ड्राइव्हवर गेलं. आप्पा उठले, चप्पल घालता घालता थांबले. "पोरी… ते पळतं एकदा लाव बरं."

तिनं लावलं. यावेळी ते उभ्यानंच ऐकत राहिले. शेवटचं हसूही ऐकलं.

"किती वर्साचा असंल गं तवा?"

"आवाजावरून सव्वीस-सत्तावीसचे असतील."

"म्हंजी आमच्या संघर्षापरीस ल्हान." त्यांनी फेटा उगाच सारखा केला. "पोरगंच की. आन् मी म्हातारा समजून इतकी वर्सं त्याच्या पाया पडतोय." मग बाहेर जाताना मुलाला म्हणाले, "दोनी बी घे. मी स्टँडवर हाय. सावकाश ये. एसटी काय, दुसरी भेटंल."

दारात दोघंच उरले.

"खोकं संपलं," संघर्ष म्हणाला.

"खोकं मार्चमधेच संपलं होतं. कानडी भजनांच्या कव्हरवर पुण्याच्या जुन्या बाजारातली किमतीची चिठ्ठी होती. काढायची विसरलात."

संघर्षचे कान लाल झाले. "मग बोलला का न्हाई?"

"आठ दिवस लागत नाहीत, हे मी कुठं बोलले?"

समोरच्या रस्त्यानं नगरकडं जाणारा एक कंटेनर गेला. तो जाईपर्यंत बोलायची सोय नव्हती, आणि दोघांनीही त्या गैरसोयीचा पूर्ण फायदा घेतला. मग ज्यानं आयुष्यात कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, तो संघर्ष म्हणाला,

"रेकॉर्ड नसताना आलो… तर चालंल का? म्हंजी, नुसतं तुमच्यासाठी. कायमच."

"चालेल," कृपा म्हणाली. ती जेवढी शांत दिसत होती तेवढी नव्हती. "रिकाम्या हातानंच या."

"रिकाम्या हातानं नको हं," आतून आईचा आवाज आला. "ती शिवणयंत्राची रेकॉर्ड तेवढी परत घेऊन या. माझा दोरा सारखा तुटतोय."