कुर्बानीची मेंदी

टीव्ही बंद कर, योना. गिडियन, तू तोंड मिटून बस. हे माझ्या मावसबहिणीच्या, हदासाच्या बाबतीत घडलेलं आहे. चौथीपुढे मी शाळेत गेले नाही, पण खोटं बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

२ जानेवारी १९७४, बुधवार. कोळशाच्या टंचाईमुळे लंडनमधले रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद. हदासा हॉस्पिटलात नर्स. हॅरिंगेत एमिने हानम (हानम म्हणजे बाईसाहेब) नावाच्या सायप्रसच्या तुर्की बाईकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. रविवारी हदासाचं लग्न. आई मुंबईला, मेंदी लावणारं इथे कुणी नाही. संध्याकाळी ती चहा करायला किचनमध्ये गेली, तर टेबलावर वाडग्यात भिजवलेली मेंदी! तिला वाटलं, बिचारीनं माझ्यासाठीच भिजवली. उजव्या हाताला गच्च लिंपली, पाची बोटांना. करंगळी लहानपणी दारात चेंगरून आखूड झालेली, तिलाही.

एमिने मागच्या दारानं आत आली. तो हात बघून तिनं खुर्ची धरली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"लग्नाची ना, हानम?"

"आम्ही नवरीला मेंदी लावतो. फौजेत निघालेल्या मुलाला लावतो. आणि कुर्बानीला लावतो. ही... कुर्बानीची."

उद्या बकरी ईद. नवरा ऑपरेशनमधून उठला म्हणून तिनं नवसाचा मेंढा आणला होता. मागच्या कोळशाच्या शेडमध्ये बांधलेला, कपाळावर मेंदीचा गोल टिळा.

"ही लागली की तो जीव देवाचा. परत मागता येत नाही."

"पण मावशी, मेंढा तर किती क्यूट असते!"

असतो, गिडियन. असतो. आणि आता ऐक.

हदासानं हात साबणानं घासला, मग विम पावडरनं, मग तारेच्या घासणीनं. रंग चढतच गेला. शेवटी दार लावून ती पडली.

जिन्यावर आवाज आला. टक... टक... चपलांचा नाही. खुरांचा.

दाराबाहेर थांबला.

"हानम?"

फटीतून ओल्या लोकरीचा वास.

तिनं दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली. दार हललं नाही. खिडकी रंगाच्या थरांनी चिकटलेली. ती ओरडली. एमिने खालीच जागी होती, कुराण वाचत. तिला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

मग बाहेरून कुणीतरी कपाळ टेकवलं. लाकूड करकरलं.

तिनं आपल्या ज्यू लोकांच्या नवसाच्या पैगंबराला हाक मारली, "एलियाहू हन्नाबी, सोडव मला, गोड पोह्यांचा मलिदा करीन..." आणि तिनं पुढचा शब्द गिळला. हाही नवसच की.

कपाळ तसंच टेकलेलं.

"तुलाही जगायचंय ना रे?" असं म्हणून तिनं दारावर हात टेकवला. तोच हात.

लाकूड गरम होतं. आतून हात. बाहेरून कपाळ. मध्ये नाडी उडत होती. कुणाची...

उजाडलं. दार आपणहून उघडलं. हात कोरा होता. नखातसुद्धा रंग नाही.

खाली एमिने शेडपाशी उभी. शेडची बाहेरची कडी तिनं आत्ताच काढलेली. मेंढा आत, दोराला बांधलेला. कपाळावरचा गोल टिळा नव्हता.

पंजा होता. बाईमाणसाचा.

करंगळी आखूड.